महाराज बाड्यावर पृथ्वीचे दफ्तर

आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात वस्तुसंग्रहालयाला ‘अजबखाना’ हा शब्द असे. 1863 साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय तर ‘अजबबंगला’ या नावानेच वैदर्भी मंडळींच्या जिभेवर रुळलेले आहे. या नावात जिव्हाळा आहे. पण तेथे जाणाऱ्याने काय पाहावयाचे, याचा थोडासा गैरसमजही त्यात दडलेला आहे. अजबखान्यात माणूस जातो तो अचंबा करण्यासाठी. पेंढा भरलेला वाघ, काचेच्या बरणीतील सर्प, हत्तीएवढे हाड पाहून डोळे विस्फारावेत, मुलांना खांद्यावर घेऊन दाखवावे, बाहेर पडल्यावर भेळ खावी आणि घरी यावे. निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाचे खरे प्रयोजन मात्र याहून निराळे आहे. जे नेहमीचे आहे, पायाखालचे आहे आणि म्हणूनच ज्याकडे आपले लक्ष जात नाही, त्याची हकीकत सांगणे हे त्याचे काम होय.

अशी संग्रहालये पाहावयाची तर ग्वाल्हेरकरांस आजवर दूरचा प्रवास करावा लागे. कलकत्त्याचे भारतीय संग्रहालय 1814 सालचे. बडोद्याचे संग्रहालय श्रीमंत सयाजीराव महाराजांनी उभारलेले. तेथील निळ्या देवमाशाचा सांगाडा बडोदेकर मराठी घरांतील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. मुंबईचे संग्रहालय 1922 साली लोकांसाठी खुले झाले. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय 1978 साली निघाले आणि भोपाळचे प्रादेशिक संग्रहालय 1997 साली. ग्वाल्हेरात किल्ला, गुजरी महाल, जयविलास यांमुळे राजेरजवाड्यांच्या इतिहासाची कमतरता कधीच नव्हती. पण या भूमीचा स्वतःचा इतिहास सांगणारी जागा नव्हती. 15 डिसेंबर 2024 रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती श्री. जगदीप धनखड यांच्या हस्ते महाराज बाड्यावरील व्हिक्टोरिया मार्केटच्या जुन्या वास्तूत भूविज्ञान संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि ही उणीव भरून निघाली. 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, म्हणजे आपल्या देशातील अत्यंत जुन्या शास्त्रीय खात्यांपैकी एकाने, ते उभारले आहे.

दोन दालने, एक कथा

महाराज बाडा म्हणजे लष्करचे हृदय. कापडाची दुकाने, फळांच्या गाड्या, टेंपोंची गर्दी आणि मधोमध जिवाजीराव महाराजांचा पुतळा. या कोलाहलातून आम्ही संग्रहालयाच्या कमानीत शिरलो, तेव्हा दोनशे कोटी वर्षांची वार्ता ऐकण्यास याहून विचित्र जागा शोधूनही सापडली नसती असे प्रथम वाटले. थोड्या वेळाने मत बदलले. बाजाराच्या मधोमध असलेली विद्या येताजाता माणसाच्या दृष्टीस पडते. साडी घेण्यास आलेले कुटुंब सहज आत डोकावते, आणि असे डोकावणे हेच कित्येकदा मोठ्या व्यासंगाचे बीज असते.

संग्रहालयाची रचना दोन भागांत आहे. पहिल्यात पृथ्वीची स्वतःची कथा आहे: ती कशी घडली, तिच्या पोटात काय आहे, ज्वालामुखी का फुटतात, धरणीकंप का होतो, खडक आणि खनिजे कशी तयार होतात. दुसऱ्यात जीवसृष्टीची कथा आहे: पहिल्या सूक्ष्म जीवांपासून महाकाय डायनासोरांपर्यंत आणि तेथून मानवापर्यंत. बालगोपाळ मंडळी साहजिकच दुसऱ्या भागाकडे धाव घेतात. त्यांना धावू द्यावे. पण नंतर हाताला धरून पहिल्या भागात आणावे. दगडांची कथा कळल्यावाचून हाडांची कथा अधांतरी राहते. जीवाश्म म्हणजे तरी काय? दगडाने जपून ठेवलेली जीवाची खूण. जपणाऱ्याची ओळख नसेल तर जपलेल्या वस्तूची किंमत कशी कळणार?

मध्य प्रदेशाच्या भूमीने या दुसऱ्या कथेत मोठी भर घातलेली आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून आपण ज्याचे नाव वाचलेले असते, त्या स्लीमनला 1828 साली जबलपूरच्या टेकडीवर काही विलक्षण अस्थी सापडल्या. डायनासोर हा शब्दही तेव्हा जन्माला आलेला नव्हता; तो 1842 साली आला. हीच हिंदुस्थानातील डायनासोरांची पहिली खूण. पुढे 5 डिसेंबर 1982 रोजी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे श्री. अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा येथे आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. परिक्रमावासी ज्या नर्मदेच्या काठाने चालतात, त्याच काठावर लाखो वर्षांपूर्वी कोणी पूर्वज वावरत होता, या विचाराने मन क्षणभर स्तब्ध होते.

ए. बी. रोडचे माप

येथील सर्वांत कठीण गोष्ट हाडे नव्हे, दगड नव्हे; आकडे होत. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे, असे पाटीवर वाचून माणूस पुढे सरकतो. शंभर कोटी काय आणि चारशे कोटी काय, आपल्या मनाला सारखेच. यासाठी आम्ही परतीच्या वाटेवर मुलांना एक हिशेब घातला. वाचकांनीही तो घरी करून पाहावा.

मुंबईहून ग्वाल्हेरला येणारा आग्रा-मुंबई रस्ता, ज्याला आपण सारे ए. बी. रोड म्हणतो, ढोबळ मानाने अकराशे किलोमीटरांचा आहे. मुंबईत पृथ्वीचा जन्म झाला आणि आजचा दिवस महाराज बाड्यावर उगवला, असे समजा. मग एका किलोमीटरास सुमारे चाळीस लाख वर्षे पडतात. नाशिक मागे पडते तेव्हा समुद्रात पहिले सूक्ष्म जीव दिसू लागतात. धुळे, सेंधवा, इंदूर, देवास सारे मागे पडते, तरी डोळ्यांना दिसेल असा प्राणी नाही. शिवपुरी दृष्टिपथात येण्याच्या सुमारास समुद्र प्राण्यांनी गजबजतो. डायनासोर प्रकट होतात ते ग्वाल्हेर सत्तावन किलोमीटर उरले असता, आणि साडेसोळा किलोमीटर उरले असता ते नाहीसे होतात. आपल्यासारखा माणूस येतो तो अखेरच्या पाऊणशे मीटरांत, म्हणजे बाड्याच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत. आणि 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडून ज्या लष्कराची वस्ती झाली, ज्या वस्तीत आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांच्या येथील कथा सुरू होतात, तिचे माप किती? तीन बोटे! 

ही तीन बोटे पाहून कोणी खिन्न होऊ नये. अकराशे किलोमीटरांचा रस्ता मोजणारा प्राणी त्या अखेरच्या काही पावलांतच जन्मला, हेही तितकेच खरे आहे.

पायाखालचा दगड

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर मान वर केली की किल्ला दिसतो. आम्हांस वाटते, संग्रहालयाचे तिसरे दालन तेच होय. आणि ते पाहिल्याविना पहिली दोन अपुरी राहतात.

महाराष्ट्रातून उत्तरेकडे आलेल्या आपल्या पूर्वजांच्या वाटेचा दगडांच्या दृष्टीने विचार करावा. सह्याद्रीचे कडे, देशावरचे किल्ले, वेरूळची लेणी, घरोघरचे पाटे-वरवंटे हे सारे एकाच काळ्या पाषाणाचे, बेसाल्टचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे पूर लोटले, थरांवर थर साचले आणि दक्खनचे पठार तयार झाले. आजही त्याने सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. हा काळा दगड नर्मदेपाशी थांबत नाही. तो मराठ्यांच्या आधी कित्येक युगे नर्मदा ओलांडून माळव्यात उतरला होता. धार, इंदूर, देवास, उज्जैन येथील काळी कसदार माती त्याच दगडाची. पवार, होळकर यांची संस्थाने ज्या भूमीवर वसली, ती भूशास्त्राच्या दृष्टीने महाराष्ट्राचीच सख्खी बहीण. गुणे-शिवपुरीच्या मुलखात मात्र हा काळा सोबती विरळ होत होत आपला निरोप घेतो, आणि ग्वाल्हेरात आपण परक्या, अतिप्राचीन खडकावर पाऊल ठेवतो.

किल्ल्याचा माथा विंध्य समूहातील वालुकापाषाणाचा आहे. उथळ पाण्याच्या तळाशी साचलेली वाळू दाबाने घट्ट होऊन झालेला हा दगड शंभर कोटी वर्षांच्या आगेमागचा. आपल्या रस्त्याच्या मापाने गुण्याच्या आसपासचा. तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात, याच कड्यात भव्य जिनमूर्ती कोरल्या गेल्या. महंमद घौसच्या मकबऱ्यातील जाळ्या अशाच वालुकापाषाणातल्या आणि लष्करमधल्या जुन्या घरांवरच्या दगडी पटियाही त्याच जातीच्या. अंगणातल्या फरशीवर कधी बारीक समांतर लहरी उमटलेल्या दिसतात. कारागिराच्या टाकीचे ते काम नव्हे. शंभर कोटी वर्षांपूर्वी ओसरत्या पाण्याने वाळूवर काढलेली ती रांगोळी आहे.

‘किल्ल्यावर डायनासोरचे हाड सापडेल का?’ हा प्रश्न संग्रहालय पाहून आलेले प्रत्येक मूल विचारते. उत्तर आहे, नाही. आणि या नकारात मोठा धडा आहे. किल्ल्याचा दगड तयार झाला तेव्हा हाडे असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. हाड नाही म्हणून दगड दरिद्री नव्हे. तो हाडांच्या आधीचा आहे.

या वालुकापाषाणाच्या खाली त्याहून जुने खडक आहेत: पातळ पानांसारखे सुटणारे शेलचे थर, लोहयुक्त पट्टे, प्राचीन लाव्हाचे थर. यांचे वय दोनशे कोटी वर्षांच्या घरात. रस्त्याच्या मापाने थेट इंदुरास पोहोचते. यांना जगभरच्या भूशास्त्रात ‘ग्वाल्हेर समूह’ म्हणतात आणि त्यातील दोन थरांची नावे ‘पार’ व ‘मोरार’ अशी आहेत. पार हे जवळचे गाव, आणि मोरार म्हणजे आपले मुरार! भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हॅकेट यांनी 1870 सालीच या परिसराच्या खडकांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. मुरारच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की या ठिकाणाचे नाव दूरदेशीचे विद्यार्थी एका युगाच्या खुणेसाठी घोकत असतात?

आणखी एक सोयरीक सांगितल्याविना राहवत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशनीच्या आघाताने झाले, हे आपण शाळेत शिकतो. शिवपुरी जिल्ह्यातील ढाला येथेही तसाच आघात झाला होता. तो लोणारहून अतिशय प्राचीन, सुमारे 170 ते 250 कोटी वर्षांच्या दरम्यानचा. त्याचा व्यास अकरा किलोमीटर, म्हणजे लोणारच्या सहापट. काळाच्या ओघात तो इतका झिजला आहे की डोळ्यांना विवर दिसतच नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयागच्या संशोधकांच्या अभ्यासाने, दगडांतील सूक्ष्म खुणांवरून, तो सिद्ध झाला. एक आघात मायभूमीत, दुसरा कर्मभूमीच्या दारात!

चिठ्ठीचे मोल

संग्रहालयात लोक वस्तू पाहतात. चिठ्ठी कोणी वाचत नाही. वस्तुतः वस्तूचा प्राण त्या चिठ्ठीत असतो. नाव काय, कोठे सापडली, कोणत्या थरात, केव्हा, कोणी आणली, एवढेच तीवर असते. पण तेवढे पुसले गेले की अमोल जीवाश्मही रस्त्यावरच्या धोंड्यासारखा मुका होतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरी नवा पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ प्रश्न येतो, ‘आपण मूळचे कुठले? इकडे कधीपासून?’ तरुण मंडळी या चौकशीला हसतात. पण संग्रहालयातील विद्वान दगडाला नेमके हेच विचारत असतात.

चिठ्ठी आणि जतन यांनी काय साधते, याची दोन उदाहरणे पुरेत. स्लीमनला सापडलेल्या ज्या मणक्यांवरून 1877 साली लायडेकरने ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले, ते पुढे हरवले असेच सारे समजत होते. 2012 साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डॉ. धनंजय मोहबे, त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतील प्रा. विल्सन यांना त्यांतील मणका कलकत्त्याच्या संग्रहात मिळाला. हिंदुस्थानचा पहिला डायनासोर घरच्याच कपाटात होता!

दुसरे उदाहरण याहून रम्य आहे. गुजरातेतील ढोली डुंगरी येथे 1980 च्या दशकात डॉ. मोहबे यांनी अंड्यांसह काही अस्थी मिळविल्या. प्रथम त्या डायनासोरच्या पिल्लाच्या मानल्या गेल्या. नमुना जपून ठेवला होता, स्थळाची नोंद होती. 2001 साली प्रा. विल्सन यांनी तो पाहिला, तेव्हा त्यांना त्यात सर्पाचे मणके दिसले. सुमारे साडेतीन मीटरांचा सर्प डायनासोरच्या घरट्यात अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला, आणि त्याच स्थितीत गाडला गेलेला! 2010 साली त्याला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव मिळाले. दगड तोच होता. पाहणारी दृष्टी मागाहून आली. ती येईपर्यंत दगड सांभाळणे, हेच संग्रहालयाचे व्रत.

याच्या उलट बाजूही पाहावी. धार जिल्ह्यात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेतात मिळालेले गोल दगड काकड भैरव म्हणून पूजत आले होते. ते डायनासोरची अंडी आहेत, असे 2023 साली अभ्यासकांनी सांगितले. त्याच वर्षी धार परिसरातील 92 घरटी आणि 256 अंडी यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. या भाविकांना हसण्याचे मुळीच कारण नाही. त्यांनी शेंदूर लावून का होईना, जे सांभाळले ते अन्यत्र बांधाच्या भिंतीत चिणले गेले असते. श्रद्धेने दगड राखला, शास्त्राने त्याचे नाव सांगितले. दोघांचे ऋण मानावे.

अग्नीच्या वाटेवरची वस्तू

परंतु सांभाळणे हे वाटते तितके सोपे नाही. दिल्लीचे जे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय 1978 साली निघाले म्हणून वर सांगितले, ते 26 एप्रिल 2016 च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. सुटीत ग्वाल्हेरहून दिल्लीस गेलेली कितीतरी मराठी मुले ते पाहून आली होती. त्यांच्या मुलांना ते दिसले नाही. 2 सप्टेंबर 2018 रोजी ब्राझीलमधील रिओ येथील दोनशे वर्षांचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले आणि लक्षावधी वस्तूंची राख झाली. कोट्यवधी वर्षे जे भूकंपात, पुरात, लाव्हात टिकले, ते माणसाच्या छपराखाली एका रात्रीत गेले. खुद्द व्हिक्टोरिया मार्केटलाही 2010 साली मोठी आग लागली होती. जुनी दुकाने भस्मसात झाली, आणि त्याच वास्तूची डागडुजी होऊन तेथे आता हे संग्रहालय आहे. तेव्हा येथे येणाऱ्या प्रत्येक ग्वाल्हेरकराने काचेतील दगडाबरोबर त्यावरील छपराकडेही एक नजर टाकावी. आपले संग्रहालय म्हणजे आपले. त्याची विचारपूस करणे हे नागरिकाचे कर्तव्यच होय.

पाहावयास जाणाऱ्यांस

शेवटी चार व्यावहारिक सूचना. एका खेपेस सारे पाहण्याचा हट्ट धरू नये. मुलांबरोबर एक दालन, तेही रमत-गमत पाहावे. मुलांना वही-पेन्सिल द्यावी आणि आवडलेल्या तीनच वस्तूंच्या चिठ्ठ्या उतरवून घेण्यास सांगावे. मोठा सांगाडा दिसला की तो अस्सल आहे की साच्यातून काढलेली प्रतिकृती, हे अवश्य विचारावे. लंडनच्या संग्रहालयात 1905 पासून शतकाहून अधिक काळ लोकांनी जो डायनासोर डोळे भरून पाहिला, तो प्लॅस्टरचा होता. उलट कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेतील, गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या ‘बरापासॉरस’चा सांगाडा मुख्यतः खऱ्या हाडांचा आहे. प्रतिकृती असणे हे वैगुण्य नव्हे. पण आपण काय पाहत आहो ते ठाऊक असावे. संग्रहालय सकाळी पाहिल्यास सायंकाळी किल्ल्यावर जावे. मात्र तेथून दगडाचा कपचाही खिशात घालू नये.

आणि एक काम घरचे. आपल्या जुन्या वाड्यांतील पेट्यांत, फडताळांत, माळ्यांवर अशा किती वस्तू मुक्या पडून आहेत! नर्मदेचे बाण, गंडकीचे शाळिग्राम (त्यांतील कित्येकांच्या पोटी सागरी जीवांचे अवशेष असतात), आजोबांनी कोठूनसे आणलेले गारगोटीचे खडे, शिकारीच्या काळातील शिंगे व कातडी. या शेवटच्या वस्तूंना 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, म्हणून त्यांची रीतसर नोंद आहे की नाही ते पाहून घ्यावे. बाकीच्या प्रत्येक वस्तूस एक चिठ्ठी बांधावी. कोठून आली, कोणी आणली, केव्हा, जेवढे ठाऊक असेल तेवढेच लिहावे. ठाऊक नसलेले रचू नये. ज्यांना हे सांगता येते ती वडीलधारी मंडळी घरात आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे. येत्या रविवारी दुपारची जेवणे झाल्यावर पेटी उघडावी, आजींना जवळ बसवावे आणि नातवंडांपैकी ज्याचे अक्षर चांगले असेल त्याच्या हाती दोरा, कात्री आणि कोरे कागद द्यावेत.